तिसऱ्या भागाची पिन

कन्नड मुलखातल्या महादेवपुऱ्यातली ती दुपार निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. एका इमारतीच्या गच्चीवर एसीचे अवजड युनिट चढवताना क्रेनची बूम, म्हणजे तिचा लांब होणारा हात, एकाएकी आखडली आणि युनिट खाली दोर धरून उभ्या असलेल्या मजुरावर कोसळले. मी पोहोचलो तेव्हा पंचनाम्याखेरीज करण्यासारखे काही उरले नव्हते.

प्रकल्प अभियंता नागपूरचा. माझ्या छातीवरचे आडनाव वाचून तो मराठीत बोलू लागला. "सर, ऑपरेटरने क्षमतेपेक्षा जास्त वजन उचललं. मी नको म्हणत होतो." दोन मुकादमांनी तसाच जबाब दिला. ऑपरेटर रायचूरकडचा, चाळिशीचा. तो एकच सांगत होता, "पिन बसली नव्हती, सार." आरोपी सबब सांगतोच, असे मानून मी त्याला सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात अटक केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एक म्हातारा क्रेन मेकॅनिक ठाण्यात आला. सगळे त्याला अण्णा म्हणत.

"सार, स्वल्प, जरासं ऐका. क्रेन सोडून द्यायच्या आधी पिना बघा."

मी त्याला घेऊन साइटवर गेलो. अण्णांनी मातीत रेघा ओढून समजावले. बूमचे नळे एकात एक बसलेले असतात. काही क्रेनमध्ये दोर आणि सिलिंडर मिळून सगळे भाग एकदम बाहेर काढतात. काम झटपट होते, पण बूम जड असते. या क्रेनमध्ये एकच सिलिंडर होता. तो एक भाग पुढे ढकलतो, तिथे पिन अडकते, मग मागे येऊन दुसरा भाग नेतो. बूम हलकी असल्याने लांबवर जास्त वजन पेलते.

"पण वेळ लागतो," ते म्हणाले. "आणि पिन बसली नाही तर सगळं परत आत घेऊन पुन्हा काढायचं. तेवढा धीर कुणाला आहे?"

तिसऱ्या भागाच्या पिनेचे फक्त टोक ओरबाडलेले होते. ती भोकात पुरती शिरलीच नव्हती. क्रेनच्या संगणकात लाल इशाऱ्याची नोंद होती आणि पाठोपाठ इशारा किल्लीने बंद केल्याचीही. ती किल्ली फिरवायची पेटी केबिनच्या बाहेर होती; आत ऑपरेटरला इशारा गेलेला दिसला, की पिन बसली असेच वाटणार.

अभियंत्याला ठाण्यात बोलावले.

"इशारा बंद करायची किल्ली कुणाकडे असते?"

"ऑपरेटरकडेच, सर."

"तो केबिनमध्ये पट्टा बांधून बसला होता. बाहेर येऊन फिरवली कशी?"

मी खिसे रिकामे करायला सांगितले. त्याच्या जुडग्यातली एक किल्ली त्या पेटीला बरोबर लागली.

"सर, अर्ध्या तासाचंच काम उरलं होतं," तो हळूच म्हणाला. "आपण मराठी माणसं, जरा समजून घ्या ना."

मी त्याला अटक केली. त्याच्या धाकाने खोटे बोलल्याचे मुकादमांनी कबूल केले.

ऑपरेटर अकरा दिवसांनी सुटला. मी स्वतः तुरुंगाच्या दारात गेलो होतो. त्याने सुटकेबद्दल काहीच विचारले नाही.

"त्या मेलेल्या मजुराच्या बायकोला सांगितलं का, सार? की मी नव्हतो?"

शवागारापाशी तिला 'मारणारा सापडला' असे सांगणारा मीच होतो. मी थेट मजुरांच्या वस्तीत गेलो. पत्र्याच्या खोलीला कुलूप होते. मृतदेह घेऊन ती ओडिशाला गेली होती. तिथल्या ठाण्याला मी दोनदा पत्र पाठवले, उत्तर आले नाही.

गुन्हा उलगडल्याबद्दल मला शाबासकी मिळाली. मला मात्र एवढेच कळले, की त्या माणसाने पहिल्याच दिवशी खरे सांगितले होते आणि पिन म्हणजे काय, हे मी त्याला विचारलेसुद्धा नव्हते. ती बाई अजूनही त्यालाच शाप देत असेल.