डोहातल्या सुया

मुठेच्या खोऱ्यात नदीवरच्या मोटरा दुरुस्त करण्यात सलीमचं आयुष्य गेलं होतं. चालू पंपाचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की वाइंडिंग जळलंय, हे तो सांगायचा आणि सहसा ते खरं निघायचं. त्यामुळं पाण्याबद्दल सलीम काही बोलला की गाव दुसऱ्या कुणाला विचारत नसे.

त्या उन्हाळ्यात नदी आटत आली आणि डोहात उतरणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटू लागली. पंपाच्या पाइपाच्या बुडाशी पाण्यात असणारा फूटव्हॉल्व्ह खरवडून आलेल्या सलीमचेही हात कोपरापर्यंत लालबुंद झाले. संध्याकाळी डेअरीपुढं माणसं जमली होती. कुणीतरी त्याला कारण विचारलं.

"दुसरं काय असणार? कोंडाजीअण्णा वांग्यावर औषध फवारतुया आन फवारणीचा पंप डोहात धुतुया."

कोंडाजी दुधाची किटली घेऊन तिथंच उभा होता. दोघांचा वीस-पंचवीस वर्षांचा घरोबा.

"मी घरी हौदावर धुतो, सलीम. तू बघितलंस का मला?"

"बघायला कशाला पायजे? हे हात बघ की माझे!"

सलीमनं पाहिलेलं नव्हतं. पण चारचौघांत शब्द माघारी घेणं त्याच्या जिवावर आलं.

कोंडाजीचे दुधाचे रतीब तुटले. त्याची बायको रत्नाबाई पाणवठ्यावर आली की बाकीच्या बायका बादल्या उचलून वरच्या अंगाला जायला लागल्या. सलीम ते रोज बघत होता. आपण गावाचं भलंच केलं, अशी स्वतःची समजूत घालत होता.

मग पुण्यात प्राणिशास्त्र शिकणारी त्याची मुलगी अर्शी घरी आली. दुरुस्तीला आणून कोपऱ्यात ठेवलेल्या एका फूटव्हॉल्व्हच्या जाळीवर हिरवट, भोकाभोकांचा खडबडीत थर चिकटला होता.

"हे काय, अब्बा?"

"शेवाळ. दरसाल येतं."

तिनं तो चिमटीत चुरला आणि चटकन हात झटकला. जाताना एक तुकडा बाटलीत घालून नेला. पुढच्या रविवारी ती मोबाइलवर फोटो घेऊनच आली. सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या त्या फोटोत नुसत्या सुया दिसत होत्या, काचेसारख्या लखलखीत.

"शेवाळ न्हाई अब्बा, प्राणी हाय हा. स्पंज. हिरवा दिसतो तो अंगात शेवाळ राहतं म्हणून."

"प्राणी? मग तोंड कुटं हाय त्याचं?"

"तोंड न्हाई, पोट न्हाई. अंगभर भोकं. त्यातनं पाणी आत ओढायचं, त्यातलं बारीकसारीक खायचं आन उरलेलं पाणी मोठ्या भोकातनं सोडायचं. पूर्वी शिकलेली माणसंसुद्धा ह्याला वनस्पतीच समजायची. आता प्राण्यांत ह्यांचा वेगळा संघ हाय, रंध्रीय म्हणतात. बहुतेक समुद्रातले, थोडे आपल्यासारख्या गोड्या पाण्यातले. ह्या सुया म्हंजे त्याचा सांगाडा. खरवडलं की त्याच कातडीत घुसतात. औंदा पाणी आटलं, म्हणून सुटलेल्या सुया डोहातच साठल्या."

सलीमनं बुडत्यानं काडीला धरावं तसं विचारलं, "आन फवारणीचं विष?"

"विष असतं तर आधी हाच मेला असता, अब्बा. दिवसभर तेच पाणी गाळत बसतो की."

त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना. नंतरचे कितीतरी दिवस तो कोंडाजीचं रान टाळून लांबच्या वाटेनं नदीला गेला. शेवटी एका संध्याकाळी मन घट्ट करून डेअरीपुढं उभा राहिला आणि सगळ्यांना सांगायला लागला, डोहात एक प्राणी असतो, त्याच्या अंगात सुया असतात...

कोंडाजीनं हात वर केला. "प्राण्याचं ऱ्हाऊ दे. मी काय केलं न्हाई ते मला ठाऊकच हाय. तुझं काय ते बोल."

सलीमचे कान तापले. मान खाली गेली. "मी बघितलं न्हवतं, अण्णा. न बघता बोललो."

कोंडाजीनं किटली उचलली आणि तो घराकडं चालू लागला.

हळूहळू रतीब परत सुरू झाले. रत्नाबाईशेजारी बायका पुन्हा धुणं धुवू लागल्या. भातलावणीच्या सुमाराला कोंडाजीनं सलीमला मोटर बघायला बोलावलंसुद्धा. सलीम लगबगीनं गेला. ओसरीवर कोंडाजीनं स्वतःच्या हातानं घोंगडी पसरली.

"या सलीमभाई. बसा. च्या घेणार न्हवं तुमी?"

इतक्या वर्षांत कोंडाजीनं त्याला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. सलीम घोंगडीच्या कडेला टेकला आणि चहा येईपर्यंत जमिनीकडं बघत राहिला.