दुकानात चालू, दगडावर बंद

टेम्पोचं फळकं पाडून डॉक्टरांनी गाडी माझ्या दुकानासमोर उतरवली, ती याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा. एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने स्वतःची बरगडी धरली होती. गाडी स्टँडला लावून त्यांनी किक मारली. पहिल्या किकला चालू.

"बघा मंगलताई," ते म्हणाले, "इथं कशी शहाण्यासारखी वागते."

टेम्पोच्या केबिनमधून त्यांच्या मिसेस उतरल्या. त्या बेलापूरला गणित शिकवायच्या, आता रिटायर आहेत. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"परवा उतारावर वळताना ही बंद पडली आणि हे खाली आले. मुका मार आहे, हाड मोडलं नाही. पुढच्या वेळी मोडेल. तेव्हा एक तर दोष सापडल्याचं सांगा, नाही तर सापडत नाही असं सांगा. सापडत नसेल तर मी ही गाडी घरात ठेवणार नाही."

एवढं स्पष्ट बोलणारं गिऱ्हाईक मला फार वर्षांत भेटलं नव्हतं. डॉक्टर गाडीच्या टाकीवरून फडकं फिरवत राहिले.

राहात्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टरचा सेल्फ, पिकअपच्या लाईटी, मोटारसायकलची वायरिंग, हे माझं काम. वडिलांच्या हाताखाली शिकले, आता सव्वीस वर्षं झाली. अजूनही एखादा विचारतो, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी म्हणते, "बोला."

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त. गाडी त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीची, टू-स्ट्रोक. एकेकाळी प्रत्येक दूधवाल्याकडे असायची, तीच. निवृत्तीनंतर ते नगरच्या एका जुन्या गाड्यांच्या क्लबात गेले आणि तिथं त्यांना ट्रायलचा नाद लागला.

ट्रायल म्हणजे रेस नव्हे. इथं वेगाला किंमत नाही. ओढ्यात, दगडगोट्यांत दोन्ही बाजूंना रिबिनी बांधून पन्नास-साठ पावलांची वाट आखतात. तिला सेक्शन म्हणतात. त्यातून गाडी हळूहळू, तोल सांभाळत न्यायची. पाय टेकला की एक मार्क. दोनदा टेकला की दोन. त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा इंजिन बंद पडलं तर पाच. मार्क कमी तो वरचढ. शून्य आलं की त्याला क्लीन म्हणायचं. असे आठ-दहा सेक्शन, तीन फेऱ्या. प्रत्येक सेक्शनवर एक ऑब्झर्व्हर कागद घेऊन उभा असतो.

डॉक्टरांची गाडी सेक्शनमध्ये बंद पडायची. अचानक, बटण दाबल्यासारखी. आणि बाहेर ढकलून आणली की लगेच चालू.

पहिल्या वेळी मी प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर बदलला होता. दुसऱ्या वेळी कॉईल. करंटचा रस्ता तसा साधा असतो. बॅटरीतून चावीला, चावीतून कॉईलला. कॉईल तो वाढवते आणि प्लगला ठिणगी मिळते. या रस्त्यात कुठं खंड पडला की इंजिन त्या क्षणी गप्प. मी सगळा रस्ता टेस्ट लॅम्प लावून तपासला होता. कुठंच खंड नव्हता. म्हणून मी दोन्ही वेळा डॉक्टरांना शेजारच्या गॅरेजात पाठवलं, अन्वरभाईंकडे. ते इंजिनाचे मिस्त्री.

अन्वरभाईंनी दोन्ही वेळा कार्बोरेटर खोलला, धुतला, बसवला आणि गाडी परत माझ्याकडे पाठवली.

"ताई, ह्ये लाईटचं काम हाय," ते म्हणायचे. "पेट्रोलचं असतं तर गाडी आचके दिऊन मेली असती. ही तर बोलता बोलता गप होती."

"माझ्याकडं करंट बरोबर आहे. तुमच्याकडंच कचरा अडकत असेल."

"कचरा न्हाई. माज्या हातानं साफ केलाय."

इंजिनवाला आणि लाईटवाला यांचं हे भांडण प्रत्येक गावात चालतं. गिऱ्हाईक मधल्या मधे गाडी ढकलत फिरतं. खरं सांगायचं तर अन्वरभाईंचं म्हणणं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त कबूल करायला माझ्या हातात काही सापडलेलं नव्हतं.

या तिसऱ्या वेळीही तेच. मी गाडी अर्धा तास चालू ठेवली. गरम होऊ दिली. प्रत्येक वायर हलवून पाहिली, चावी हलवली, सीट काढून बॅटरीच्या टर्मिनलवर टिचक्या मारल्या. गाडी टुकटुकत राहिली.

मॅडम स्टुलावर बसून बघत होत्या. मग त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली.

"याचा काही उपयोग होतो का बघा. मी ऑब्झर्व्हर असते ना, मार्कांच्या कागदावर शेऱ्याचा रकाना असतो. बाकीचे तो मोकळा सोडतात. मी भरते, आणि घरी येऊन उतरवून ठेवते."

मॅडम नवऱ्याच्या स्पर्धेत ऑब्झर्व्हर होत्या हे मला त्या दिवशी कळलं. क्लब लहान आहे, माणसं कमी पडतात. शिवाय त्या नवऱ्याला सूट देणार नाहीत याची सगळ्यांना खात्री होती.

वहीत दर सेक्शनचं चित्र होतं. बाणांनी वाट दाखवलेली. डॉक्टरांची गाडी बंद पडली तिथं फुली. मी पानं उलटत गेले. एकूण सात फुल्या.

"मॅडम, या सातांतल्या सहा डाव्या वळणाला आहेत."

"हो. आणि त्या सहाही ठिकाणी उतार किंवा पायरी आहे. सातवी तुम्ही धरू नका. तिथं हे आपले आपणच पडले होते."

"दगड निसटला होता," डॉक्टर म्हणाले.

"दगड जागेवरच होता."

मला एकदम हुरूप आला. मी इंजिन चालू केलं आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. आता बंद पडेल असं वाटलं. नाही पडलं. दहा वेळा वळवलं, तरी नाही. आमच्या धंद्यात याच्याइतकी चिडचिड कशाने होत नाही. दोष आहे हे कळतं, कुठं आहे हेही थोडं कळतं, आणि तो आपल्यासमोर यायला तयार नसतो.

मॅडमनी विचारलं, "तुम्ही सेक्शन कधी प्रत्यक्ष पाहिलाय?"

"नाही."

"मग रविवारी जामखेडला या. यांची ही शेवटची स्पर्धा असेल किंवा नसेल. तुमच्यावर आहे."

रविवारी पहाटेच टेम्पोत तिघं बसलो. जामखेडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक कोरडा ओढा होता. गुडघ्याएवढे, कमरेएवढे काळे दगड. नऊ स्पर्धक होते, सगळ्यांच्या गाड्या पंचवीस वर्षांहून जुन्या. कुणाची बुलेट, कुणाची जुनी टू-स्ट्रोक. मडगार्ड उंच केलेले, हेडलाईट काढलेले, मागे मोठं दातेरी चाक बसवलेलं, म्हणजे गाडी माणसाच्या चालीने जाऊ शकते आणि ओढते पण भरपूर.

ज्यांच्या रानातून ओढा जात होता ते काका बांधावर येऊन बसले होते. पहिला स्पर्धक दगडावर चढताना पाहून ते मला म्हणाले, "बाई, गाडीवाट तिकडून हाय की. ह्यांना कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

"त्यांना माहीत आहे काका. मुद्दाम इकडून जातात."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग असू द्या," म्हणाले, आणि दिवसभर जागचे हलले नाहीत.

मॅडमकडे चार नंबरचा सेक्शन होता. आधी चढ, मग दोन दगडांमधून डावीकडे पूर्ण वळण आणि वळता वळताच गुडघाभर उंचीची पायरी उतरायची. मी पायरीच्या बाजूला, रिबिनीबाहेर उकिडवी बसले. माझी नजर फक्त हँडलच्या खालच्या भागावर होती.

डॉक्टर आले. पायदानांवर उभे, गुडघे सैल, चेहऱ्यावर पूर्ण शांतता. एकसष्ट वर्षांचा माणूस इतका हलका दिसेल असं मला वाटलं नव्हतं. चढ चढले. हँडल डावीकडे गेलं. पुढचं चाक पायरीवरून खाली आलं, पुढचे शॉकअप आत दबले, आणि मला ते दिसलं. शॉकअप दबताच पुढच्या ब्रेकची केबल कमानीसारखी वर उचलली गेली. तिच्याबरोबर वायरिंगचा जुडगा खेचला गेला. त्याच क्षणी इंजिन बंद. डॉक्टरांनी दगडाला हात देऊन तोल सावरला.

"पाच," मॅडम म्हणाल्या आणि लिहिलं.

दुकानात गाडी स्टँडवर असायची. हँडल वळायचं, पण शॉकअपवर वजन नसायचं. केबल उचललीच जात नव्हती. मी सहा महिने दगडावर बंद पडणारी गाडी सपाट फरशीवर उभी करून तपासत होते.

मी पक्कड घेऊन धावले. मॅडमनी कागदाची पाटी आडवी धरली.

"ताई, फेऱ्या चालू असताना बाहेरच्या माणसाचा हात गाडीला लागला तर मला त्यांना बाद करावं लागेल. बोलायला हरकत नाही."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"असेल. ते त्यांनी करायचं."

मग मी दोन हात पाठीमागे बांधून उभी राहिले आणि डॉक्टरांना सांगत गेले. गाडी चालू करा. पुढचा ब्रेक दाबा. हँडल डावीकडे, आता अंगाचं वजन पुढे टाका. गाडी बंद. तेच उजवीकडे करा. चालू राहिली. पुन्हा डावीकडे. बंद.

"आता ब्रेकच्या केबलला वायरी कशाने बांधल्यात ते बघा," मी म्हणाले.

"पिवळा प्लास्टिकचा टाय आहे. अगदी घट्ट, सुबक."

राहात्यात पिवळे टाय फक्त मी वापरते. डॉक्टरांनी ट्रायलसाठी हेडलाईट काढला, तेव्हा सुट्या झालेल्या वायरी मीच गोळा करून केबलला बांधल्या होत्या. लोंबत राहू नयेत म्हणून. माझ्या कामाची सफाई दिसावी म्हणून.

"डॉक्टर, तो टाय मी बांधलाय," मी म्हणाले. "दोष माझा आहे. तुमची बरगडीसुद्धा."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "बरगडीचं नंतर बघू. पुढं काय करू ते सांगा."

त्यांच्या कमरेच्या पिशवीत जनावरांचे टाके कापायची कात्री होती. टाय कापला. वायर बाहेरून धडधाकट दिसत होती. मी म्हणाले, "चिमटीत धरून दाबत जा. जिथं मऊ लागेल तिथं आत तांबं तुटलेलं आहे." तुटलेली टोकं गाडी सरळ असताना एकमेकांना टेकायची, ओढ बसली की सुटायची. म्हणून माझ्या टेस्ट लॅम्पला ती कधी सापडली नाहीत.

तो तुकडा टाकीच्या खाली गेला होता. टाकी काढायला वेळ नव्हता. पण गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून न बघता काम केलेला माणूस तो. दोन बोटं टाकीखाली सरकवली, डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "सापडलं. इथं मऊ आहे."

जोडायला वायर नव्हती. मी म्हणाले, हॉर्नची कापा, दगडांना हॉर्न लागत नाही. ती कापली. टोकं सोलून पीळ घातला. इन्सुलेशन टेपही नव्हती, तर त्यांनी जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळली. दुकानात मी असलं काम कुणाला करू दिलं नसतं. पण हवा कोरडी होती आणि बॅटरी सहा व्होल्टची. नवी वायर त्यांनी हँडलखाली सैल सोडली, चांगली चार बोटं ढील ठेवून. पांढऱ्या पट्टीतली वायर टाकीखालून डोकावत होती, बँडेज बांधलेल्या शेपटीसारखी.

दुसऱ्या फेरीत डॉक्टर चार नंबरवर आले तेव्हा मी पुन्हा त्याच जागी उकिडवी बसले. चढ, डावं वळण, पायरी. शॉकअप दबले, केबल उचलली, इंजिन टुकटुकत राहिलं. पाय एकदाही टेकला नाही. सेक्शनच्या बाहेर पडल्यावर त्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"शून्य," मॅडम म्हणाल्या. मान खालीच होती, पण शून्य जरा मोठं काढलं गेलं.

तिसऱ्या फेरीत त्याच ठिकाणी त्यांचा पाय चार वेळा टेकला. तीन मार्क. इंजिन अजिबात बंद पडलं नाही. बाहेर येऊन त्यांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "आता मोठी पंचाईत झाली. गाडीवर ढकलताच येईना."

नऊ जणांत ते पाचवे आले. परतीच्या वाटेवर गाडी काढून टाकण्याचा विषय मॅडमनी काढला नाही. पुढची स्पर्धा कुठं आहे, एवढंच एकदा विचारलं.

सोमवारी मी अन्वरभाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं, टायसकट. न सांगता भागलं असतं, पण डॉक्टर सांगणारच होते. अन्वरभाईंनी चहा संपवला, कप उपडा ठेवला.

"मी म्हनलो हुतो, लाईटचं हाय."

"म्हणाला होतात."

"दोनदा कार्बोरेटर धुतला मी."

"धुतलात."

पुढचे आठ दिवस त्यांच्याकडे जी गाडी येईल ती ते आधी माझ्याकडे पाठवत होते. एकाचा तर टायर पंक्चर होता.

डॉक्टरांची गाडी नंतर दुकानात आणून मी नीट नवी वायर टाकली. आता दुरुस्त केलेली प्रत्येक मोटारसायकल मी स्टँडवरून खाली घेते, वर बसते, हँडल दोन्हीकडे वळवून पुढे दाबते, आणि मगच परत देते. हँडलखालची वायर मी सैल ठेवते. दिसायला ते गबाळं दिसतं. एखादा म्हणतोच, "ताई, तेवढी वायर जरा आवळून बांधा की, चांगली दिसंल."

मी म्हणते, "दिसंल. पण गाडी वळायची नाही."