उंब्रजच्या अलीकडचा दगड

लढाईच्या दिवसांत मी कराडहून उंब्रजच्या शाळेत सायकलने जायचो. वाटेत रोज एक मैलकुली दिसायचा, रस्त्याचे खड्डे बुजवणारा. नाव कधी विचारलं नाही. मैलाच्या दगडांना तो चुना द्यायचा, काळ्या रंगाने आकडे काढायचा आणि कुंचला पोटरीला पुसायचा. पोटरी कायम पट्ट्यापट्ट्यांची.

त्यातल्या एका दगडापाशी एक म्हातारी पोस्टमनची वाट बघत बसे. तिचा मुलगा पलटणीत होता. सहा महिन्यांनी त्याचं पत्र आलं, तेव्हा तिने दगडाला शेंदूर फासला. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण महिन्याभरात तिथे पत्र्याचं छप्पर आलं, नारळ आले आणि नारळांमागोमाग पुजारीही आला. मग म्हातारीलाच लांबून हात जोडावे लागू लागले!

एका सकाळी मैलकुली चुन्याची बादली घेऊन तिथे पोचला. पुजारी ओरडला, "शिवू नगंस! देव बाटंल!"

"आवं, म्याच रवलाय ह्यो. ह्या हातांनी."

लोकांनी बादली लाथाडली. माझं टाळकं सटकलं, पण त्यांत माझ्या विद्यार्थ्यांचे बाप होते. मी मास्तर, सायकल धरून गप्प उभा राहिलो. माझ्या त्या गप्प राहण्याची चीड अजून जात नाही.

मैलकुलीने बादली उचलली, कोरडाच कुंचला सवयीने पोटरीला पुसला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, देव झाला तर हू द्या. पन उंब्रज किती लांब हाय, ते वाटसरूला आता कोन सांगनार? ह्यो तर बोलायचा बंद झाला."