चार ते सहाची पाळी

वेल्ह्याकडच्या एका डोंगराच्या पूर्व उतारावर पाच घरांची सामाईक विहीर आहे. तिथवर विजेचे खांब कधी पोचले नाहीत. डिझेल इंजिन होतं तेव्हा पाच घरांनी पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या: सकाळी आठपासून दोन-दोन तास. बयाबाईंचे सासरे गेनबा यांनी शेवटची, चार ते सहाची पाळी मागून घेतली. कलत्या उन्हात दिलेलं पाणी रानात जास्त मुरतं, असा त्यांचा हिशेब. तो बरोबर होता.

दोन वर्षांपूर्वी इंजिन गेलं आणि सौरपंप आला. पाळ्या तशाच राहिल्या.

बयाबाई चोपन्न वर्षांच्या आहेत. नवरा ज्ञानू शिरवळला एका कंपनीत वॉचमन आहे, पंधरवड्यानं घरी येतो. त्यामुळे वीस गुंठे कांदा त्यांच्या एकटीच्या अंगावर. फेब्रुवारीत कांदा पोसायला लागतो. तेव्हा पाणी तुटलं तर तो सुपारीएवढाच राहतो. आणि फेब्रुवारीत सव्वाचारलाच डोंगराची सावली पॅनेलवर चढते.

बयाबाईंची शाळा चौथीत सुटली, पण मोजमाप त्यांनी चोख केलं. पाइपाखाली बादली ठेवली आणि आकडे म्हटले. दुपारी एकला आठ म्हणेपर्यंत बादली भरली. साडेचारला, स्वतःच्या पाळीत, पासष्ट म्हणावे लागले. पावणेपाचला पंप थांबला.

दुपारची बारा ते दोनची पाळी त्यांचे थोरले चुलत दीर मानसिंग यांची. त्यांचं रान भिजून उरलेलं पाणी बांधावरून ओढ्यात जातं.

बयाबाईंनी पाचही घरांना विहिरीवर बोलावलं. वेळ मुद्दाम साडेचारची दिली. बादली पाइपाखाली ठेवलेली होती.

"मोजा," त्या म्हणाल्या.

पुतण्या संपतनं मोबाईल काढला. "काकी, धार बघा की. पार म्हाताऱ्यागत झालीया."

सगळे हसले. हसून झाल्यावर मानसिंग म्हणाले, "अन्याव हाय. आमी न्हाई म्हनत न्हाई."

"मग पाळ्या फिरवा. दर आठवड्याला एकेक घर पुढं."

"पाळी वाडवडलांची. तुमच्या मामंजींनीच मागून घेतली. आमी का दिली व्हती?"

"इंजनावर मागितली भावजी, उनावर न्हाई."

भांडले असते तरी परवडलं असतं. सगळ्यांना पटलं होतं, आणि पटूनही हातचं एक मिनिट कुणाला सोडायचं नव्हतं. पुरुष माणसं खाली बघत काड्यांनी माती उकरत बसली.

मग मानसिंग यांनीच तोडगा काढला. "सकाळी सहा ते आठ कुनाचीच पाळी न्हाई. ती बी तुमीच घ्या. तुमाला चार तास झालं, आमाला दोनच."

"लई झालं की," संपत म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या, मोकळ्या झालेल्या चेहऱ्यांनी. हा पंप साडेआठच्या आत पाणी उचलत नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकानं तो दोन वर्षं वापरलेला आहे. तरी एकाच्याही तोंडावर लाज दिसली नाही. उलट आपण भावकीतल्या बाईला काहीतरी दिलं, असं समाधान होतं.

उठताना संपत म्हणाला, "काकी, पॅनेल पुसायचं तेवढं चालू ठेवा. धुरळा लई बसतोय." घर जवळ म्हणून पॅनेल त्याच पुसतात, दोन वर्षं.

बयाबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शेणात पाय पडल्यावर माणूस पायाकडे बघतं तसं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कांदा हिरवाच उपटायला घेतला. पोसणार नाही तो रानात ठेवून काय करायचं? पात तरी बाजारात जाईल. त्या जुड्या बांधत होत्या तेव्हा मानसिंग बांधावर येऊन उभे राहिले.

"अवो, हे काय आरंभलंय? पाळी वाढवून दिली की."

"व्हय भावजी. उद्या सा वाजता या. दोघं बसू पंपापाशी, पान्याची वाट बघत."

मानसिंग मनापासून हसले. जाताना बांधावरच्या दोन जुड्या त्यांनी काखेत मारल्या.