एकोणतीस इंची चाक आणि चरवीभर ताक

उभ्या वऱ्हाडात चाकाच्या मापाचा आमच्या भाऊजींइतका विचार कोणी केला नसेल. चाक शोधून काढणाऱ्यानेही नाही. अकोल्याहून त्यांचा फोन आला की ख्यालीखुशाली नाही, ताकाला जाऊन भांडं लपवणं नाही, थेट सव्वीस इंची की एकोणतीस. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट एकदा सायकलने चढायचा, हे त्यांचं तरुणपणापासूनचं वेड. निवृत्त झाल्यावर डोंगरी सायकल घ्यायचं ठरलं आणि गाडं चाकापाशी अडलं. साडेसत्तावीसला ते मापच मानत नसत. "ना धड खिचडी, ना धड वरण-भात," म्हणत. लग्नाच्या पंगतीत बुंदीचे दाणे मांडून त्यांवरून आधी वाटी, मग ताटली घरंगळवून शेजाऱ्याला फरक दाखवत. ताईने त्यांच्यासोबत लग्नांना जाणंच सोडलं.

शेवटी त्यांनी परीक्षा ठरवली. ओळखीच्या दुकानातून दोन सायकली मागून आणल्या आणि भर उन्हाळ्यात मोझरीजवळच्या आमच्या वावरात मला चालवायला लावल्या. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. हँडलला ताकाची चरवी बांधलेली. जिच्यावर ताक कमी सांडेल ती सायकल खरी. आपली नजर पक्षपात करेल म्हणून ते पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चक्क पाठ करून उभे राहिले. सव्वीस इंचीवर मी इमानाने गेलो. हाडं खिळखिळी झाली आणि निम्मं ताक पँटवर आलं. एकोणतीसची पाळी येईस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. मी ती हातात धरून सावकाश चालत नेली आणि शेवटच्या चार हातांपुरता सीटवर बसलो. भाऊजी वळले. काठोकाठ चरवी पाहून त्यांचे डोळे पाणावले. मला वाटलं, बरं झालं, सुटलो एकदाचा.

भाऊजींनी एकोणतीसच विकत घेतली. त्यांची उंची जेमतेम पाच फूट. त्या सायकलवरून त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण परीक्षेच्या निकालापुढे पायांचं कोण ऐकतो? घाटातल्या तिसऱ्या वळणावर दम खायला थांबले, पाय टेकवायला गेले आणि आडवे झाले. गुडघा गेला तो गेलाच. डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केली.

ती अजून त्यांच्या व्हरांड्यात उभी आहे. दर रविवारी ते तिच्यात हवा भरतात. परवा ताई सहज म्हणाली, लहान चाकाची घेतली असती तर बरं झालं असतं. भाऊजी उखडले.

"माप चुकलं नाई. तुह्या भावानं सोता भेगाईतून चालवली, थेंब सांडला नाई. माहे पायच तोकडे, त्याले तो काय करन?"

मी समोरच बसलो होतो. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी ताकाचा पेला माझ्यापुढे केला आणि मी तो मुकाट्याने संपवला. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. भाऊजी अजून आपल्या पायांनाच दोष देतात.