सहावा खण

खाली सळई अडकली, हूटर वाजला, रोल थांबले आणि स्क्रीनवर माणूस दिसला.

मी काचेतून खाली पाहिलं. रोलच्या स्टँडसमोर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत कोणीही नव्हतं. स्क्रीनवर मात्र होता. खाकी शर्ट, पांढरी मिशी, उजवा हात पुढे, पंजा आमच्याकडे. मिलमध्ये आवाजामुळे लोक हातांनी बोलतात. असा पंजा म्हणजे ‘थांबा’.

मी मनात पाच आकडे मोजले. चित्र थरथरलं. माणूस गेला, रिकामी फरशी दिसू लागली. सकाळचे साडेअकरा वाजले होते, पत्र्यांच्या फटींतून लख्ख ऊन येत होतं.

“बघितलं न, ताई?” कैलास म्हणाला. त्याने स्वतः मान वर केली नव्हती.

“बघितलं. कोण आहेत हे?”

“आमचे उस्ताद. सांडूभाऊ. धावडा गावचे.”

“आज ड्यूटीवर आहेत?”

“जानेवारीत गेले, ताई. घरीच. छातीत कळ आल्ती.”

जालना एमआयडीसीतली ही री-रोलिंग मिल. लोखंडाचे ठोकळे भट्टीत लाल करायचे आणि रोलमधून दाबत दाबत सळई काढायची. उंचावरच्या काचेच्या केबिनला तिथे पल्पिट म्हणतात. कैलास पल्पिटमध्ये बसून मिल चालवतो आणि सळई अडकली की चिमटा घेऊन खाली धावणाराही तोच. त्याच पिवळ्या पट्ट्यांत पूर्वी एका कामगाराचा पाय गेला. त्यानंतर शेठजींनी कॅमेरा बसवून घेतला. कॅमेऱ्याला जोडलेला छोटा कॉम्प्युटर, ज्याला सगळे डब्बा म्हणतात, पट्ट्यांत माणूस दिसला की एका वायरने रोल थांबवतो. त्या डब्ब्यातला कॅमेऱ्याचा ड्रायव्हर मी लिहिलेला. ड्रायव्हर म्हणजे कॅमेरा आणि कर्नल यांच्यातला दुभाष्या. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. वीस वर्षं मी हेच काम करते. माझं माहेर इथलंच, वडीगोद्रीचं, हे कळल्यापासून कैलासने मला मॅडमची ताई केली होती.

शेठजी जिना चढून वर आले. त्यांना दम लागला होता, त्यामुळे राग दुप्पट वाटत होता.

“मॅडम, भूतबीत मला माहीत न्हाई. मिल थांबली की आतला माल थंडा होतो अन् भंगारात जातो. दोन माणसं काम सोडून गेली. आता सहा वाजेपर्यंत कारण सांगा, न्हाई तर ती स्टॉपची वायर मी काढून टाकतो.”

“वायर काढली तर कॅमेरा नुसता शोभेला उरेल. आणि खाली कैलास जातो.”

“कैलासला अक्कल हाय. जपून जाईल.”

सांडूभाऊंनीच कैलासला हे काम शिकवलं होतं.

मी लॅपटॉप जोडला. पहिला संशय रेकॉर्डिंगचा. जुनं रेकॉर्डिंग चुकून लागत असेल? पण त्या डब्ब्यात रेकॉर्डिंग साठवायला जागाच नाही. चित्र येतं, तपासलं जातं, त्यावर पुढचं चित्र लिहिलं जातं. म्हणजे मेलेल्या माणसाचं चित्र ठेवायला तिथे फळीच नव्हती.

“कधी कधी दिसतात?” मी विचारलं.

“सळई अडकली की. बराबर त्याच टायमाला. पोरं म्हणतात, उस्ताद अजून ड्यूटी करून राह्यले.”

मला ही माहिती उपयोगी वाटली. सळई अडकली की मोटर एकदम जास्त करंट ओढते. मी ड्रायव्हरचा लॉग, म्हणजे त्याची रोजनिशी, उघडला. प्रत्येक वेळी तीच नोंद होती: कॅमेऱ्याचे सिग्नल तुटले, पाच सेकंदांनी जुळले. कॅमेऱ्याची केबल मोटरच्या केबलला चिकटून नेली होती. करंटचा धक्का बसला की कॅमेरा पाच सेकंद आंधळा व्हायचा.

पण आंधळ्याला माणूस कसा दिसतो?

इथे थोडं समजावून सांगते. कॅमेऱ्याकडून येणारं प्रत्येक चित्र कॉपी करत बसलं तर उशीर होतो. म्हणून मेमरीत काही खण आखून ठेवतात. कॅमेरा थेट त्या खणांत चित्रं टाकतो आणि तपासणाऱ्या प्रोग्रामला त्याच खणांची दारं उघडून दिलेली असतात. कुठलं दार कुठल्या खणात उघडतं, हे ठरवणं म्हणजे मेमरी मॅपिंग. हे खण डब्बा सुरू होतानाच बाजूला राखलेले असतात. एरवी कर्नल कोणाला मेमरी देताना आधी ती पुसून देतो. या राखीव जागेला मात्र तो हात लावत नाही. ती पुसायची जबाबदारी ड्रायव्हर लिहिणाऱ्याची.

मी ड्रायव्हरला खण किती ते विचारलं. पाच. प्रोग्रामला विचारलं. सहा.

मी दोन्ही आकडे पुन्हा काढले. तेच आले.

सुरुवातीला खण सहाच होते. चित्र जरा उशिरा पोचतं म्हणून मी एका अपडेटमध्ये सहाचे पाच केले. मॅपिंगमध्ये प्रोग्रामला दिलेलं सहावं दार बंद करायचं राहिलं. त्या खणात नवीन काही पडत नव्हतं, पण दार उघडंच होतं. कॅमेरा आंधळा झाला, क्रम तुटला, की प्रोग्राम पुढच्या दारात डोकावायचा. चूक सरळसरळ माझी होती.

अपडेटची तारीख पाहिली. दसऱ्याची सकाळ. त्या दिवशी मिल बंद असते, म्हणून मीच तो दिवस निवडला होता. घरी बसून, गॅसवर पुरण ठेवून, बटण दाबलं होतं.

“कैलास, दसऱ्याला सकाळी इथे काय चाललं होतं?”

“पूजा. दुसरं काय? उस्ताद सगळ्या मशिनींना कुंकू लावत फिरले.”

मी सहावा खण थेट उघडला. आता चित्र पाच सेकंदांत जाणार नव्हतं. सांडूभाऊ स्क्रीनभर आले आणि तसेच राहिले. पापणी नाही, श्वास नाही, डोळे थेट आमच्यावर. कैलास खुर्ची सरकवून उठला.

“थांबा म्हणून राह्यले, ताई.”

“नीट बघ. बोटाचं टोक लाल आहे. कॅमेऱ्याच्या पेटीला कुंकू लावायला हात पुढे केलाय. त्याच क्षणी माझा अपडेट गेला. जानेवारीपर्यंत ते खालीच असायचे, म्हणून कोणाला शंका आली नाही.”

तो वाकला. मग चित्राच्या डाव्या कडेला त्याने बोट ठेवलं. तिथे एक पितळी ताट होतं आणि ताट धरलेला फक्त एक हात. मनगटात तांब्याचं कडं. कैलासने शर्टाची बाही वर केली. तेच कडं.

“ताट मी धरलं व्हतं,” तो म्हणाला. “इतके दिवस त्यांच्यासंगं मी पण येऊन राह्यलो व्हतो.”

पण एक प्रश्न उरला होता. वीज गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं. दसऱ्यापासून एवढे महिने हे चित्र टिकलं कसं?

“लाइट जात नाही का इकडे?”

“रोज जाते. पण डब्बा यूपीएसवर हाय.”

“हँग झाला तर?”

“रिसेटचं बटन दाबतो. प्लग न्हाई काढत.”

“का?”

त्याने टेबलाखाली टॉर्च मारला. प्लग आणि बोर्ड यांच्याभोवती पूजेचा लाल नाडा गुंडाळून गाठ मारलेली होती. पूजेचा नाडा पुढच्या दसऱ्यापर्यंत सोडायचा नाही, अशी मिलची पद्धत. गाठ सांडूभाऊंची. रिसेटने डब्बा नव्याने सुरू होतो, पण मेमरीची वीज तुटत नाही. त्यांच्या गाठीने त्यांचंच चित्र राखलं होतं.

कारण सापडलं. मी शेठजींना फोन लावायला घेतला आणि थांबले.

अपडेट दोन मिनिटं उशिरा गेला असता तर सांडूभाऊ पुढच्या मशीनकडे गेले असते. सहाव्या खणात रिकामी फरशी राहिली असती. मग सळई अडकल्यावर प्रोग्रामला पाच सेकंद रिकामी फरशी दिसली असती, खाली कोणीही असलं तरी. आणि कोणाला काहीच विचित्र वाटलं नसतं. मला कोणी बोलावलंही नसतं.

“कैलास, सळई अडकल्यावर तू रोल बंद करूनच खाली जातोस ना?”

तो टॉर्चशी चाळा करत राहिला.

“खरं सांग.”

“परवा सळई अर्धवट अडकली, रोल चालू ठेवूनच गेल्तो, ताई. जल्दी व्हती. वाटलं, कॅमेरा हाय न. पट्ट्यांच्या बाहेरूनच चिमटा लावला, पाय घसरून आत गेलो अन् सळई पुरती अडकली. रोल फिरत व्हते. मंग हूटर वाजला अन् सगळं थांबलं. वरच्या पोरानं बघितलं तर स्क्रीनवर मी न्हाई. उस्ताद.”

शेठजींना मी कैलाससमोरच सगळं सांगितलं. चूक माझी, हे आधी सांगितलं.

“वा! गलती तुमची अन् मिल बंद माझी,” ते म्हणाले. “आता दुरुस्त करा. पुन्हा थांबणार न्हाई ना?”

“थांबेल. कदाचित जास्तच थांबेल. यापुढे ताजं चित्र आलं नाही तर रोल थांबतील, माणूस दिसो वा न दिसो. ते नको असेल तर कॅमेऱ्याची केबल मोटरपासून लांब न्या.”

“अन् वायर?”

मी कैलासकडे पाहिलं. त्याने परवाची गोष्ट मालकाला सांगितली. नोकरीची भीती असूनही सांगितली. वायर काढायची भाषा शेठजींनी पुन्हा केली नाही. कैलासला मात्र गावरान शब्दांत जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन्हीकडे पाच खण केले. सुरू होताना राखीव जागा पुसण्याची ओळ घातली. प्रत्येक चित्रावर वेळेचा शिक्का मारला. शिक्का जुना तर चित्र बाद. आता एकदा प्लग काढून डब्बा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचा होता.

“नाडा कापू का?” मी विचारलं.

“कापू नका. सोडतो.” गाठ घट्ट होती, त्याला वेळ लागला. सुटलेला नाडा त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि प्लग ओढला.

चार वाजता सळई अडकली. रोल थांबले. स्क्रीन काळी झाली, तिच्यावर एवढंच आलं: ‘चित्र नाही’. पाच सेकंदांनी फरशी दिसली. कैलास स्क्रीनकडेच बघत होता.

“गेले उस्ताद,” तो म्हणाला.

“ते जानेवारीत गेले.”

“न्हाई, ताई. आत्ता.”

मी लॅपटॉप मिटला. पुढच्याच आठवड्यात केबल हलवली, तेव्हापासून मिल विनाकारण थांबलेली नाही. कैलास आता रोल बंद करूनच खाली उतरतो.

त्यानंतर मी बऱ्याच कारखान्यांच्या पल्पिटमध्ये बसले आहे. स्क्रीनवर नसलेला माणूस दिसला तर मला भीती वाटत नाही. मोकळी फरशी दिसली की मी आधी शिक्का बघते, ही कधीची आहे.