टीव्हीत फॉल्ट नव्हता

"काका, मला तो जुना टीव्ही द्या."

आम्रपाली हे म्हणाली तेव्हा फायनलची पहिली रेस नुकतीच संपली होती आणि ती हरली होती. जालन्यातलं एक मंगल कार्यालय, स्टेजवर दोन खुर्च्या, दोन टीव्ही, दोन गेम कन्सोल. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा. कार रेसिंगची स्पर्धा होती आणि ती आमच्या शोरूमच्या शेठनी भरवली होती. तीन रेस, दोन जिंकेल तो विजेता. आम्रपालीसमोर भिंतीएवढा नवा फोर-के टीव्ही होता. तिच्याविरुद्ध खेळणाऱ्या समीरसमोर शोरूमच्या वापरातला जुना फुल एचडी. कोण कुठं बसणार हे चिठ्ठी टाकून ठरलं होतं. मोठा टीव्ही आम्रपालीला आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि आता ती जुना मागत होती. हॉलमध्ये हशा पिकला.

मी तिथं टेक्निशियन होतो. दाढी पांढरी होईपर्यंत मी टीव्हीच दुरुस्त केले, मागे डबा असलेल्या टीव्हीपासून ते आजच्या काचेच्या पाटीपर्यंत. शेठ मला उस्ताद म्हणत. त्या दिवशी मी काय केलं ते आजवर कुणी विचारलं नाही. म्हणून लिहितो आहे.

आधी तांत्रिक भाग, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

टीव्हीचं चित्र ठिपक्यांचं असतं. आमचे कन्सोल जुन्या पिढीचे. ते जे चित्र तयार करायचे ते फुल एचडी, म्हणजे आडवे एकोणीसशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी ठिपके. कन्सोल स्वतः जेवढे ठिपके काढतो त्याला नेटिव्ह रिझोल्यूशन म्हणतात. समीरच्या जुन्या टीव्हीत बरोबर तेवढेच ठिपके होते. आलं तसं दाखवलं, विषय संपला.

फोर-के टीव्हीत ठिपके चौपट असतात. कन्सोलकडून एक आला की उरलेले तीन टीव्हीला अंदाजानं भरावे लागतात. याला अपस्केलिंग म्हणतात. एवढं करायला तसा फार वेळ लागत नाही. पण शोरूमच्या सेटिंगवर टीव्ही तेवढ्यावर थांबत नाही. तो कडा धारदार करतो, रंग चढवतो, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये एक चित्र स्वतःच्या मनानं बनवून घालतो. मधलं बनवायचं तर पुढचं हातात यावं लागतं, म्हणून तो थांबतो. हा सगळा उशीर पापणी लवायला लागतो तेवढा. सिनेमा बघताना तो कुणालाच कळत नाही. गाडी चालवताना कळतो. तुम्ही बटण दाबता, वळण निघून जातं, मग गाडी वळते.

यावर उपाय टीव्हीतच असतो. गेम मोड नावाचं एक सेटिंग. ते लावलं की टीव्ही बहुतेक सजावट सोडून देतो आणि चित्र लगेच दाखवतो. मात्र ते जरा फिकं दिसतं.

सकाळी मी मोठ्या टीव्हीला गेम मोडच लावला होता. शेठ हॉलची सजावट बघत आले आणि स्टेजसमोर थांबले.

"उस्ताद, हे काय फिकं फिकं लावलंय? बाजूच्या जुन्यापेक्षा बेक्कार दिसून राह्यलं."

"शेठ, गेम मोड आहे. खेळणाराला हाच बराबर पडतो."

"खेळणारा टीव्ही घेणारे का? घेणारे समोर बसणारेत. शोरूममधलं सेटिंग लावा."

"मंग दोन्हीकडं सारखा टीव्ही लावू. जुने दोन आहेत आपल्याकडं. काल सगळ्या मॅचेस त्यांच्यावरच झाल्या."

"आन् नवा मी काय आरती करायला आणला? लावा हो जल्दी."

मी लावलं. रंग एकदम उसळले. शेठ खूश झाले. मी रिमोट खिशात ठेवला.

आता आम्रपालीबद्दल. ती बदनापूरची. रोज रेल्वेनं जालन्याला यायची आणि एका गेमिंग झोनचा काउंटर सांभाळायची. तिथंच खेळायला शिकली. वडील शिक्षक, कडक माणूस, शब्दाला जपणारा. विजेत्याला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. वडिलांनी तिला सांगितलं होतं, जिंकलीस तर पुण्याला मी स्वतः सोडायला येतो, नाही तर हे बंद. ते पहिल्या रांगेत बसले होते. ही अट मला त्या दिवशी माहीत नव्हती. माहीत असती तर मी वेगळं वागलो असतो असं मात्र मी लिहिणार नाही.

तर पहिल्या रेसनंतर ती माझ्याकडे आली आणि जुना टीव्ही मागितला. शेठचा भाचा बंटी माइकवर होता. त्यानं माइक तिच्या तोंडासमोर धरला.

"काय झालं मॅडम?"

"बटण दाबलं की गाडी उशिरा वळून राह्यली. कालच्या टीव्हीवर असं न्हाई झालं."

"मोठा टीव्ही झेपंना का?"

लोक हसले. समीर भला पोरगा. तो उठून म्हणाला, "मी बसतो ना मोठ्यावर. मला चालतंय."

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी," शेठ खालून म्हणाले. त्यांना स्टेजवर अदलाबदल नको होती. नव्या टीव्हीवरून खेळाडू उठून जुन्यावर जातोय, हे घेणाऱ्यांना दिसलं असतं.

तेव्हा तिचे वडील उभे राहिले. त्यांनी मुलीला काही विचारलं नाही. मला विचारलं.

"तुम्ही जाणकार आहात. टीव्हीत काही फॉल्ट आहे का?"

बंटीनं माइक माझ्याकडे केला. रिमोट माझ्या खिशात होता. दोन बटणं दाबली असती तर काम झालं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "टीव्हीत फॉल्ट न्हाई."

हे वाक्य खरं होतं. टीव्ही उत्तम होता. जे सांगितलं तेच तो करत होता, आणि ते सांगणारा मी होतो. शेठच्या भीतीनं गप्प बसलो असं लिहिणं सोपं आहे. माझ्या वयाच्या माणसाला त्यांनी कामावर ठेवलं होतं हेही खरं. पण त्या क्षणी शेठ माझ्या डोक्यात नव्हते. आपल्या हातानं केलेली गोष्ट एवढ्या लोकांपुढे माघारी घ्यायची मला लाज वाटली. उस्ताद म्हणून मला स्टेजवर बोलावलं होतं, आणि उस्ताद म्हणूनच मला खाली उतरायचं होतं.

वडील मुलीकडे वळले. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "हारलीस तर हारले म्हण. कारणं सांगू नको."

ती परत जाऊन बसली. दुसरी रेस तिनं जिंकली. कशी, ते बहुतेक मला एकट्यालाच कळलं. वळण दिसायच्या आधीच ती बटण दाबत होती. रस्ता तिला पाठ होता, उशीर किती पडतो हे तिनं एका रेसमध्ये बोटांनी मोजलं होतं आणि तेवढं ती आधी खेळत होती. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, असं कुणी करताना पाहिलेलं नाही.

बंटी माइकवर ओरडला, "बघा, याच टीव्हीवर जिंकल्या ना मॅडम? मंग?"

तिच्या कौशल्याचाच तिच्याविरुद्ध पुरावा झाला. तिसऱ्या रेसमध्ये रस्ता नवा होता. पाठ नव्हता. ती शेवटच्या वळणावर बाहेर गेली. समीर पुण्याला गेला.

"मोठा टीव्ही झेपंना का" हा तुकडा कुणीतरी मोबाइलवर घेतला होता. तो शहरभर फिरला. गेमिंग झोनमध्ये येणारी पोरं विचारायची, "मॅडम, हा टीव्ही तर मोठा न्हाई पडत ना?" काही दिवसांनी तिनं तिथलं काम सोडलं. आता ती बदनापूरला बी-बियाण्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करते.

स्टेजवरचा तो टीव्ही पुढे एका गिऱ्हाइकानं घेतला. त्याच्या मुलानं कन्सोल जोडला आणि तक्रार आली की गेम अडकत चाललाय. शेठचा मला फोन आला.

"उस्ताद, जाऊन ते गेमवालं बटण दाबून या."

म्हणजे शेठनाही बराबर आठवत होतं. मी गेलो, सेटिंग बदललं. पोरगा खूश. म्हणाला, "काका, तुम्ही तर जादू केली." त्यांनी चहा ठेवला होता. मी न घेता निघालो. त्या आठवड्यात काम सोडलं आणि एका रविवारी बदनापूरला गेलो.

आम्रपालीनं दार उघडलं. ओळखलं. मी उंबऱ्यावर उभा राहूनच सगळं सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाली, "काका, मला ठाऊक आहे. मी शोरूममध्ये जाऊन त्याच टीव्हीचा स्लो मोशनमधी व्हिडिओ काढला. बटण कधी दाबलं, गाडी कधी हालली, सगळं दिसतं त्यात. बाबांना दाखवला."

"मंग?"

"ते म्हणाले, मोबाइलमधी काय काहीपण दाखवता येतं. त्या माणसाची हयात गेली टीव्हीच्या कामात. तो न्हाई म्हणतो तर न्हाई." ती दारातून बाजूला झाली. "मला सांगून काय उपयोग? आत बसलेत. त्यांना सांगा."

वडील पेपर वाचत होते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुलीकडे एकदा बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

"फॉल्ट नाही हे मला तुम्ही माइकवर सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीही तिला माइकवरच बोललो. आणि आज तुम्ही घरात येऊन सांगताय."

"चुकलो गुरुजी."

"तुमचं तुम्ही बघा. मला आता हिच्याशी काय बोलावं ते समजंना."

कुणी बसा म्हणालं नाही. मी स्टेशनवर येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी शेठकडे गेलो. स्पर्धेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खरं काय ते दोन ओळींत टाकू द्या म्हटलं. ते हसले. "उस्ताद, दिवाळीचे दोन सीझन झाले. कुणाला आठवतं? आन् टीव्हीत फॉल्ट होता का? नव्हता ना? मंग?" मी स्वतःच ग्रुपवर लिहिलं. कुणीतरी अंगठा टाकला. संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं. तो हसण्याचा व्हिडिओ अजून फिरतो. परवा माझ्या पुतण्यानंच मला दाखवला.

म्हणून आता इथं लिहितो. आम्रपाली खोटं बोलत नव्हती. ती कारणं सांगत नव्हती. दुसरी रेस तिनं ज्या पद्धतीनं जिंकली, तसं त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

वाचणाऱ्यांच्या कामाचं एवढंच. घरी कन्सोल असेल तर टीव्हीला गेम मोड लावा. चित्र फिकं दिसेल, दिसू द्या. आणि मेकॅनिकला फॉल्ट आहे का असं विचारू नका. सेटिंग कुणी बदललं ते विचारा.